१० वॉटचं डायोड लेझर एन्ग्रेव्हर: काही महिन्यांचा अनुभव आणि फोकसची कटकट

लेझरने लाकूड, चामडं जाळून त्यावर कोरणारं आणि कापणारं हे मशीन चांगलं आहे. घ्यावं का असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन. पण काही महिने वापरल्यावर त्यातली एक गोष्ट पुन्हापुन्हा डोकं खाते, ती म्हणजे फोकस. म्हणून हा रिव्ह्यू बहुतेक त्याबद्दलच आहे.

माझं मशीन उघड्या फ्रेमचं आहे. निळा लेझर, तरंगलांबी ४५५ नॅनोमीटर. मॉड्यूलमध्ये, म्हणजे लेझर बसवलेल्या डब्यात, दोन डायोड (लेझर किरण तयार करणारे छोटे भाग) आहेत आणि त्यांचे किरण आतच एकत्र आणलेले आहेत. लेन्स फिरवता येत नाही. फोकस करायचा म्हणजे अख्खं मॉड्यूल वरखाली सरकवायचं, खाली सोबत आलेला धातूचा ठोकळा ठेवून उंची धरायची आणि बाजूचा स्क्रू आवळायचा. सुरुवातीला लाकडी पाट्या, चामड्याचे कीचेन सगळं झकास निघालं. मग रेषा जाडसर यायला लागल्या, बारीक अक्षरांची पोटं बुजायला लागली, आणि एका पासमध्ये (लेझरच्या एका फेरीत) कापला जाणारा प्लायवुड दोन पास मागायला लागला.

अशा वेळी जो तो सांगतो, फोकस बघ. बघायला हरकत नाही, पण आधी काम नीट न्याहाळावं. दोष सगळ्या बेडवर (माल ठेवायच्या जागेवर) सारखाच आहे की एका कोपऱ्यात? आडव्या आणि उभ्या रेषांत फरक पडतोय का? आणि पहिल्या दिवसापासून असंच आहे की हळूहळू बिघडत गेलं? या तीन प्रश्नांच्या उत्तरांत निम्म्याहून जास्त निदान होऊन जातं, आणि बऱ्याचदा फोकस निर्दोष सुटतो.

तरीही फोकसची खरी उंची एकदा स्वतः काढून ठेवावी. त्यासाठी उताराची चाचणी करायची. २०० मिमी लांबीची सपाट फळी घ्या आणि तिचं एक टोक २० मिमी उचला. म्हणजे फळीवर १० मिमी सरकलं की उंची साधारण १ मिमीने बदलते. फळीच्या मधोमध खूण करा, तिथे ठोकळा ठेवून नेहमीसारखा फोकस करा, मग कमी पॉवरवर उताराच्या दिशेने एक लांब रेषा मारा. पॉवर जास्त ठेवली तर सगळीच रेषा जळून जाड दिसते आणि चाचणी वाया जाते. रेषा दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये कुठेतरी केसासारखी बारीक होते. बारीक भाग एका बिंदूपुरता नसतो, चांगला लांब पट्टा असतो. त्याचा मध्य धरायचा.

माझ्या फळीवर हा मध्य खुणेवर आलाच नाही. तो उतरत्या बाजूला १५ मिमीवर आला. म्हणजे खरा फोकस ठोकळ्याच्या मापापेक्षा १.५ मिमी खाली होता. ठोकळ्याला तेवढ्याच जाडीची पट्टी चिकटवली आणि बुजलेली अक्षरं उघडी झाली. शिवाय ठोकळा नेमका कुठे टेकवायचा हे माहितीपत्रकात धड लिहिलेलं नाही. मॉड्यूलचं खालचं रंगीत कव्हर चुंबकावर बसतं, ते जरा तिरकं बसलं की मापही तिरकं. मी कव्हर काढून थेट मॉड्यूलच्या धातूच्या कडेपासून माप घेतो.

याच फळीवर लांब रेषेसोबत फूटपट्टीसारख्या आडव्या छोट्या रेघाही माराव्यात. डायोडचा ठिपका गोल नसतो, एका दिशेला लांबट असतो, आणि दोन्ही दिशांचा सर्वांत बारीक बिंदू थोड्या वेगळ्या उंचीवर येतो. त्यामुळे उभी रेष सुरेख आणि आडवी जाड असं दिसलं तर तो तुमच्या मशीनचा बिघाड नाही, डायोडचा स्वभाव आहे. मधली उंची धरायची आणि बारीक काम ज्या दिशेला चांगलं येतं त्या दिशेला डिझाइन फिरवून घ्यायचं.

एक सावधगिरी. कमी पॉवरचा ठिपका डोळ्यांनी बघून फोकस करायची पद्धत मला पटत नाही. निळा उजेड इतका पसरतो की ठिपका आहे त्यापेक्षा मोठाच वाटतो. त्यात ४५५ नॅनोमीटरसाठी बनवलेला चष्मा नसेल तर विषयच संपला. फळीवरची जळकी रेष खोटं बोलत नाही.

आता हळूहळू बिघडत जाणारा प्रकार. हा जवळजवळ नेहमी काजळीचा निघतो. लेन्सखालची संरक्षक काच काढून टॉर्चच्या उजेडात तिरकी धरा. तपकिरी धुकं दिसलं तर गुन्हेगार सापडला. एमडीएफमधल्या डिंकाचा धूर सगळ्यात चिकट. या काचेवरच्या थरामुळे रेषेभोवती फिकट तपकिरी छटा येते आणि तीच खोली गाठायला पॉवर वाढवावी लागते. लोक मग पॉवर वाढवतात, काच आणखी तापते, काजळी भाजून पक्की बसते. मशीन बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापसाची काडी घासाघीस न करता फिरवायची आणि काच पूर्ण वाळल्यावरच बसवायची. डाग भाजून बसला असेल तर नवी काच लावावी. एअर असिस्ट, म्हणजे जळत्या जागेवर हवेचा झोत मारणारी जोडणी, लावल्यापासून काच बराच काळ स्वच्छ राहते, फक्त कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी किंवा तेल येत नाही ना हे बघावं लागतं.

एकाच कोपऱ्यात धूसर येत असेल तर बेड किंवा माल वाकडा आहे. तोच ठोकळा चारही कोपऱ्यांत ठेवून बघा, लगेच कळतं. ३ मिमीचा प्लायवुड तर हमखास पापडासारखा वाकतो आणि कोरताना उष्णतेने आणखी वाकतो. हनीकॉम्बमध्ये (मालाखालच्या जाळीदार पत्र्यात) अडकवायच्या पिना किंवा जड चुंबक लावून दाबून धरला की काम भागतं.

फोकसचं सोंग घेणारे दोष वेगळेच. वर्तुळाचं तोंड जुळत नाही, अक्षराला सावली पडल्यासारखी दुहेरी कड दिसते: बेल्ट ढिला किंवा चाकांचे नट सैल. भरलेल्या भागाच्या कडा करवतीसारख्या दातेरी येत असतील तर एकाच दिशेने स्कॅन करून बघा. दात गेले तर स्कॅनिंग ऑफसेट, म्हणजे जाता-येतानाच्या रेषांमधला सरक भरून काढणारी सेटिंग, लावायचा आहे. कोपरेच तेवढे काळे पडत असतील तर जीआरबीएलमध्ये (मशीन चालवणाऱ्या फर्मवेअरमध्ये) स्थिर पॉवरचा एम३ आदेश चालू आहे का ते तपासा, एम४ मध्ये वेगानुसार पॉवर कमी होते. फोटो चिखलासारखा काळपट येत असेल तर रेषांमधलं अंतर बघा. ठिपका ०.०८ मिमीचा आणि अंतर ०.०५ ठेवलं तर प्रत्येक रेष शेजारणीला जाळणारच. मी ०.१ मिमी, म्हणजे इंचाला २५४ रेषा (२५४ डीपीआय) ठेवतो, आणि फोटो त्यातच जास्त खुलतात.

कापताना मात्र फोकस पृष्ठभागावर ठेवत नाही. ३ मिमीच्या प्लायवुडसाठी मॉड्यूल १ ते १.५ मिमी खाली घेतो, कडा सरळ येते.

मशीनवरची माझी खरी नाराजी त्या स्क्रूवर आहे. आवळताना मॉड्यूल किंचित सरकतं, म्हणून आवळल्यावर ठोकळा पुन्हा घालून बघावा लागतो. पाट्या, नावं, डबे, साधी कटिंग एवढंच करायचं असेल तर हे चालून जातं. वेगवेगळ्या जाडीचा माल रोज बदलायचा असेल किंवा फोटोच कोरायचे असतील, तर मोटरवर वरखाली होणारा झेड अक्ष असलेलं मशीनच बघा.