ओकावँगोतील घोडेसफारी: जीपवाल्यांसाठी नाही, पक्की मांड असणाऱ्यांसाठी

आफ्रिकेत घोड्यावरून जंगल पाहण्याची सोय केनियातील मसाई माराच्या परिसरापासून दक्षिण आफ्रिकेतील वॉटरबर्गपर्यंत अनेक ठिकाणी आहे. बोट्सवानातील ओकावँगो त्रिभुज प्रदेशातील सफारी मात्र या सर्वांहून वेगळी पडते, कारण वर्षातील काही महिने येथे घोडा कोरड्या जमिनीइतकाच पाण्यातूनही चालतो. ज्या कंपनीच्या तळावर आम्ही राहिलो तिच्या सेवेचे हे परीक्षण आहे. पुढे तक्रारीही येणार असल्याने कंपनीचे नाव घेतलेले नाही. पण या भागात घोडेसफारी चालवणाऱ्या कंपन्या मोजक्याच असून त्यांची कार्यपद्धती बरीचशी सारखी आहे, त्यामुळे जाऊ इच्छिणाऱ्यांना यातील बहुतेक माहिती उपयोगी पडावी. माझे मत आधीच सांगतो: ही मुळात रपेटीची सहल आहे, प्राणी तिच्या ओघात दिसतात, आणि कंपनी जी कडक शिस्त लावते तिचेच आपण पैसे मोजतो. जिथे ती शिस्त सैल झाली, तिथेच सहल फसली.

आरक्षणाआधी एक प्रश्नावली येते. वय, उंची, वजन, किती वर्षांपासून घोड्यावर बसता, आठवड्यातून किती वेळा बसता, मोकळ्या माळावर घोडा भरधाव सोडून पुन्हा आवरता येतो का, असे तिचे स्वरूप असते. वजनाची मर्यादा ९० ते ९५ किलोंच्या दरम्यान असते. माथेरानला किंवा महाबळेश्वरला घोडेवाला लगाम धरून पुढे चालत असताना घोड्यावर बसणे म्हणजे स्वारी येणे नव्हे, हे आपल्याकडच्या वाचकांना स्पष्ट सांगितलेले बरे. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर किंवा पुण्यातील एखाद्या रायडिंग क्लबात नियमित जाणाऱ्याला दुडकी आणि कँटर (दुडकीहून वेगवान, पण भरधाव नसलेली धाव) येत असते; परंतु रिंगणाच्या सपाट मातीवर पक्की वाटणारी मांड रोज चार ते सहा तास, बिळांनी पोखरलेल्या आणि मधूनच पाण्याखाली गेलेल्या जमिनीवर टिकते का, याची परीक्षा तिथे गेल्यावरच होते. ही अट दिखाऊ नाही. हत्ती किंवा केप बफेलो अंगावर आला, तर गाइडच्या इशाऱ्याबरोबर घोडा वळवून दौडत निघता येणे, हीच येथील सुरक्षेची मूळ व्यवस्था आहे.

या प्रदेशाचे पाणी समजून घेतल्याशिवाय सफारीचा महिना ठरवता येत नाही. ओकावँगो नदी समुद्राला मिळत नाही. अंगोलाच्या पठारावर पावसाळ्यात पडलेले पाणी शेकडो किलोमीटर वाहत येऊन कलहारीच्या वाळूत पसरते, आणि उतार इतका कमी आहे की त्रिभुज प्रदेशाच्या खालच्या टोकाला, माउन गावाजवळ, पोचायला त्याला कित्येक महिने लागतात. त्यामुळे बोट्सवानातील पाऊस केव्हाच थांबून आसपासचा मुलूख रखरखीत झालेला असतो, तेव्हा, जून ते ऑगस्टच्या सुमारास, येथे पूर भराला येतो आणि दूरदूरचे प्राणी पाण्याकडे सरकतात. बहुतांश पाण्याची शेवटी वाफच होते. २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत या प्रदेशाचा समावेश झाला, तेव्हा तो त्या यादीतील हजारावा होता. पाण्यावर डोके काढून राहिलेल्या बेटांपैकी अनेकांची सुरुवात वाळवीच्या वारुळापासून झाली आहे. वारुळाचा उंचवटा पुरातही कोरडा राहतो, त्यावर झाडे रुजतात आणि हळूहळू बेट वाढत जाते. घोड्यावरून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना, वाटेतील जवळजवळ प्रत्येक उंच झाडाच्या बुंध्याशी जुने वारूळ दिसते, तेव्हा हे आपोआप पटते.

अशा ठिकाणी घोडे निरोगी ठेवणे सोपे नाही. पूर्वी येथे त्से-त्से माशीमुळे नागाना हा रोग पसरत असे आणि घोडे व गुरे त्याला बळी पडत; २००१ आणि २००२ साली विमानातून कीटकनाशकाची फवारणी करून ती माशी येथून हटवण्यात आली. आफ्रिकन हॉर्स सिकनेसचा धोका मात्र आजही आहे. तो चिलटांसारख्या बारीक किड्यांमुळे पसरतो, हे किडे प्रामुख्याने संध्याकाळ ते सकाळ या वेळात चावतात आणि रोग झालेले घोडे मोठ्या प्रमाणावर दगावतात. म्हणून लसीकरण, अंधारापूर्वी घोडे पागेत घेणे आणि ऐन पावसाळ्यात सफारी बंद ठेवणे, हे तिन्ही नियम आमची कंपनी पाळत होती. रात्री पागेभोवती विजेचे कुंपण आणि राखणदार असतात, कारण सिंहाच्या दृष्टीने घोडा आणि झेब्रा यांत फारसा फरक नाही.

घोड्यांबाबत माझ्याकडे स्तुतीखेरीज काही नाही. बहुतेक घोडे थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) किंवा बोअरपर्ड (दक्षिण आफ्रिकेतील जात) रक्ताच्या संकरातील होते. मला मिळालेली तपकिरी घोडी पाण्यात शिरताना एकदाही अडली नाही, आणि माझ्या हातातील लगाम उगाच ताठ झाला की मान झटकून नापसंतीही कळवत असे. रपेटीहून परतल्यावर मोतद्दार खोगीर उतरवून, तंग जिथे आवळलेला असतो तिथे पोटाखाली हात फिरवून कातडी सोलवटली आहे का ते तपासत आणि मगच खरारा करत. एका घोड्याला तिथे जरासा लाल चट्टा दिसताच त्याला दुसऱ्या दिवशी विश्रांती मिळाली आणि त्याच्या स्वाराला दुसरा घोडा दिला गेला. त्यावर स्वाराने कुरकुर केली, ती कोणी मनावर घेतली नाही. हे मला आवडले. खोगिरे लांब रपेटीची, रुंद बैठकीची आणि उत्तम तेलपाणी केलेली होती. हेल्मेटे मात्र जुनी होती आणि मापांची वानवा होती, तेव्हा आपले हेल्मेट आपण नेणेच योग्य.

गाइडच्या खोगिराला रायफल असते आणि हातात लांब आसूड. त्याहूनही अधिक वापरात येणारी वस्तू म्हणजे त्याच्या खिशातील राखेची पुरचुंडी. दर थोड्या वेळाने तो ती झटकतो, राख कोणत्या दिशेला उडते ते पाहतो आणि त्यावरून पुढचा रस्ता ठरतो. हत्तीची नजर तितकीशी तीक्ष्ण नसते, पण वास त्याला फार दुरून येतो; वाऱ्याच्या खालच्या अंगाने गेल्यास घोड्यांचा जथा त्याला विशेष खटकत नाही. बोट्सवानात सुमारे १,३०,००० हत्ती आहेत, त्यामुळे हा प्रश्न दिवसातून अनेकदा येतो. एका बेटाच्या कडेला हत्तिणींचा कळप पिल्लांसह दिसला, तेव्हा पुरचुंडीतील राख सरळ त्यांच्याकडे गेली. गाइडने एक शब्दही न बोलता हात वर करून सर्वांना थांबवले, घोडे वळवायला लावले आणि मोठा वळसा घालून आम्हाला पलीकडून नेले. त्यात बराच वेळ गेला आणि फोटो एकाचाही झाला नाही. मला विचाराल तर संपूर्ण सफारीतील ही सर्वांत मोलाची सेवा होती.

तृणभक्षी प्राण्यांच्या बाबतीत घोड्याचा फायदा थक्क करणारा आहे. पायी माणूस दिसताच पळून जाणारे झेब्रे, जिराफ आणि इंपाला घोड्यावरील माणसाला बरेच जवळ येऊ देतात. जिराफांच्या एका टोळीसोबत आम्ही समांतर कँटर करत गेलो. उलट सिंह आणि बिबटे पाहण्याची ज्यांना आस आहे, त्यांनी येथे येऊ नये. घोड्यावरून आम्हाला सिंहाचे फक्त ठसे दिसले, आणि ते ताजे आहेत असे लक्षात येताच गाइडने दिशा बदलली. प्रत्यक्ष सिंह पाहिले ते संध्याकाळच्या जीपफेरीत. फोटोग्राफीचेही तेच: एक हात कायम लगामावर असतो, मोठी लेन्स निव्वळ ओझे होते, आणि कँटरच्या वेळी खिशातून फोन काढणाऱ्याला गाइड सर्वांदेखत सुनावतो.

आता मुख्य तक्रार. प्रश्नावलीतील उत्तरे कंपनीने जशीच्या तशी खरी मानली. पहिल्या दिवशी तळाजवळच्या मोकळ्या जागेत घेतलेली चाचणी अगदीच जुजबी होती: दोन फेऱ्या चाल, एक फेरी दुडकी, आणि झाले. आमच्यातील एका पाहुण्याला कँटर झेपत नव्हता, हे त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी, तळापासून लांब आल्यावर, उघड झाले. जथ्याचा वेग नेहमी सर्वांत कच्च्या स्वारावर ठरतो. साहजिकच त्या दिवसाची रपेट सगळ्यांसाठीच चालीवर आली, आणि एवढ्या खर्चाने आलेल्या इतरांचा हिरमोड झाला. पुढे त्या पाहुण्याला संथ गतीच्या वेगळ्या रपेटीसाठी स्वतंत्र गाइड दिला गेला, ही गोष्ट कंपनीच्या बाजूने सांगायला हवी. पण ते पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते. या व्यवसायात पाहुण्याला नाही म्हणण्याची तयारी असावीच लागते.

पुराच्या पाण्यातील रपेटीबद्दल मात्र कितीही लिहिले तरी कमीच. पाणी बहुतेक ठिकाणी घोड्याच्या गुडघ्याइतके, काही ठिकाणी पोटापर्यंत, आणि वाळूवरून आलेले असल्यामुळे इतके नितळ की खालचे गवत स्पष्ट दिसते. पाणघोडे आणि मगरी यांच्या भीतीने खोल प्रवाह टाळले जातात आणि उथळ पूरमैदानातूनच वाट काढली जाते. कँटरला सुरुवात झाली की पुढच्या घोड्याच्या टापांनी उडालेले पाणी तोंडावर येते आणि काही क्षण समोरचे काहीही दिसत नाही. तेव्हा घोड्यावर विश्वास ठेवून मान खाली घालायची आणि अंतर राखायचे. आमच्या पुढे लाल लेचवे या पाणथळीत राहणाऱ्या हरणांचा कळप उठला आणि लांबलांब उड्या मारत, पाण्याचे फवारे उडवत निघाला, तेव्हा घोड्यांनीही आपण होऊन वेग घेतला. चामड्याचे महागडे बूट येथे बाद होतात. लवकर वाळणारे साधे घोट्याइतके बूट आणि पोटऱ्यांना चॅप्स (पोटरीवर गुंडाळायचे आवरण), एवढे पुरते.

तळाविषयी थोडक्यात: तंबू प्रशस्त, अंथरूण स्वच्छ, गरम पाणी वेळेवर. शाकाहाराची पूर्वसूचना दिल्यास अडचण येत नाही, परंतु भाजलेल्या भाज्या आणि पास्ता यांपलीकडे फार अपेक्षा ठेवू नये. दुपारी मोकोरो या अरुंद होडीतून फेरी होते. ती शांत आणि सुंदर असते, आणि दुखणाऱ्या मांड्यांना तेवढाच आराम.

खर्च मोठा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पर्यटक थोडे, दर चढे, असे बोट्सवानाचे धोरणच आहे. तळाचा एका माणसाचा एका रात्रीचा दर कित्येक शे अमेरिकन डॉलर पडतो आणि भर हंगामात तो हजाराच्या आसपास जातो. मुंबईहून माउनपर्यंतचा प्रवास, तिथून तळापर्यंतचे छोटे विमान आणि बक्षिसी वेगळीच. त्याच्या बदल्यात एकांत मिळतो. १९६३ साली बाटावाना या स्थानिक जमातीने पुढाकार घेऊन स्थापन केलेले मोरेमी अभयारण्य जवळच आहे, पण आमची रपेट त्याच्या हद्दीबाहेर, भाडेपट्ट्यावर दिलेल्या क्षेत्रात होती, आणि तिथे दुसऱ्या कोणाचीही गाडी दिसली नाही. छोट्या विमानात सामानाची मर्यादा साधारण २० किलो असून बॅग चाकांची किंवा टणक चालत नाही. प्रवासविमा घेताना घोडेस्वारी वगळलेली नाही ना, आणि दुर्गम भागातून विमानाने बाहेर काढण्याचा खर्च त्यात येतो ना, हे कलम शोधून वाचावे. हिवतापाच्या गोळ्यांबाबत डॉक्टरांचा सल्ला आवश्यक आहे, आणि नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणाऱ्यांनी पीतज्वराच्या लसीच्या नियमांची चौकशी आधीच करावी.

ऑक्टोबरमध्ये प्राणी भरपूर दिसतात, पण पारा ४० अंशांकडे झुकतो आणि तळपत्या उन्हात हेल्मेट घालून बसणे शिक्षा ठरते. जून-जुलैत पाणी उत्तम असते, मात्र पहाटे बोटे गारठतात आणि दरही सर्वाधिक असतात. सुट्टी मनाप्रमाणे घेता येत असेल, तर मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. फक्त आरक्षण करताना त्या वर्षी पाणी तळापर्यंत केव्हा पोचण्याचा अंदाज आहे, हे कंपनीला लेखी विचारून घ्यावे.