ग्रीक देव घरी आणायचेत, पण कुठल्या पुस्तकातून?

पाच पुस्तकांचा संच खोक्यात घालून मिळतो, दिसायला झकास असतो आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी कुणी ना कुणी मामा-मावशी तो हौसेने घेऊन येतात. पहिलं पुस्तक वाचून होतं, दुसरं निम्म्यावर अडतं, उरलेली तीन शोकेसमध्ये जातात. माझ्या भाचीच्या बाबतीत हा उद्योग मीच केला होता. म्हणून कुणी विचारलं की आधी सांगते, संच राहू द्या, एकच पुस्तक घ्या. आणि ते कुठलं, हे ठरवताना मुलाचं वय बघाच, पण त्याहून जास्त एक गोष्ट बघा: त्या पुस्तकातले देव मुलांशी कसे वागतात. ग्रीक पुराणांवर रचलेल्या कादंबऱ्या खऱ्या वेगळ्या होतात त्या इथेच. कुठे देव म्हणजे घराकडे न फिरकणारे बाप, कुठे मोठ्या वयाची कार्टी, तर कुठे ते जवळजवळ दिसतच नाहीत.

सुरुवात अर्थातच पर्सी जॅक्सनपासून. रिक रायर्डन टेक्सासचे, शाळेत शिकवायचे. त्यांच्या मुलाला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, सतत चुळबुळ) आणि डिस्लेक्सिया (अक्षरं वाचताना अडचण) असल्याचं निदान झालं होतं. त्याला रात्री ग्रीक पुराणातल्या गोष्टी सांगता सांगता त्या संपल्या, तेव्हा त्यांनी एक नवा देवपुत्र रचला. त्याचं पहिलं पुस्तक, ‘द लाइटनिंग थीफ’, २००५ साली आलं आणि मूळची पाच पुस्तकं २००९ मध्ये पूर्ण झाली. बारा वर्षांचा पर्सी स्वतःच गोष्ट सांगतो. शाळाशाळांतून काढून टाकलेला, अक्षरं डोळ्यांसमोर नाचणारा मुलगा. पुढे कळतं की अक्षरं नाचतात कारण त्याचा मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडलेला आहे, आणि एका जागी बसवत नाही कारण ती रणांगणावरची सावधगिरी आहे. वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलाच्या हातात हे पुस्तक पडलं की ते मूल आधी संशयाने आणि मग अधाशासारखं वाचतं, ते यामुळे.

गंमत भरपूर आहे. देवांचं घर असलेला ऑलिंपस पर्वत न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या सहाशेव्या मजल्यावर, जिच्या नजरेने माणसाचा दगड होतो ती मेड्युसा न्यू जर्सीत बागेतले पुतळे विकते, आणि पाताळाचं दार लॉस एंजेलिसमधल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत. मृतांना पैलतीरी नेणारा कॅरन महागडे इटालियन सूट घालतो आणि पगारवाढ मिळत नाही म्हणून कुरकुरतो. (पाश्चात्त्य संस्कृतीचं केंद्र जिथे सरकेल तिथे हे देव बिऱ्हाड हलवतात, असं लेखकाने ठरवून टाकलंय. आमचा विठोबा अठ्ठावीस युगं एकाच विटेवर, त्यामुळे मला ही कल्पना वाचताना दर वेळी हसू येतं.)

पण या गमतीखाली जे आहे ते कडू आहे. देवांना माणसांपासून मुलं होतात आणि देव त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. ही मुलं लाँग आयलंडवरच्या एका छावणीत जगतात. ज्या मुलाला देव आपलं म्हणतो, त्याच्या डोक्यावर त्या देवाची खूण उमटते. ज्याला कुणीच आपलं म्हणत नाही तो देवांचा दूत हर्मिस याच्या केबिनमध्ये, गर्दीत, जमिनीवर वळकटी टाकून. आपल्या मुलांना हे फोड करून सांगावं लागत नाही. भाची तिथवर पोचली आणि म्हणाली, “म्हणजे कर्णासारखंच ना गं मावशी?” तसंच. पुढच्या पुस्तकांत या न स्वीकारलेल्या मुलांचा राग हीच खरी लढाई होते, आणि रायर्डन तो राग खोटा ठरवत नाहीत. मला वाटतं, ही मालिका इतकी वर्षं टिकली ती राक्षसांमुळे नव्हे, यामुळे.

पालकांना दोन प्रश्न पडतात. एक, देवांची लग्नाबाहेरची मुलं, याचं काय सांगायचं? पुस्तक त्यावर फारसं रेंगाळत नाही. अथीना तर कुमारिका देवी, तिची मुलं तिच्या विचारांतून जन्मलेली आहेत असं चौथ्या पुस्तकात येतं. इंग्रजी वाचकाला ते विचित्र वाटत असेल, मराठीत त्याला ‘मानसकन्या’ असा तयार शब्द आहे. दुसरा प्रश्न भीतीचा. चौथ्याच प्रकरणात, मिनोटॉर या बैलाच्या डोक्याच्या राक्षसाशी झालेल्या झटापटीत, पर्सीची आई नाहीशी होते. घरात एक घाणेरडा, हात उगारणारा सावत्र बाप आहे, आणि शेवटी त्याचं जे होतं ते बारकाईने वाचणाऱ्या मुलाला हादरवतं. नऊ वर्षांच्या हळव्या मुलाबरोबर ही प्रकरणं शेजारी बसून वाचावीत.

आता याच्या शेजारी ठेवते ते ‘हू लेट द गॉड्स आउट?’ मॅझ इव्हान्स या इंग्लंडच्या लेखिकेचं हे पुस्तक २०१७ मध्ये आलं, चार पुस्तकांची मालिका २०१९ मध्ये संपली. आपल्याकडे ते पर्सीच्या मानाने फार कमी दिसतं. इलियट हूपर हा बारा वर्षांचाच मुलगा, इंग्लंडमध्ये स्टोनहेंज या उभ्या शिळांच्या प्राचीन वर्तुळाजवळच्या शेतघरात राहतो. एका रात्री त्याच्या गोठ्यात आकाशातून चक्क कन्या रास येऊन कोसळते, हो, व्हर्गो. तिच्या आगाऊपणामुळे आणि इलियटच्या भाबडेपणामुळे स्टोनहेंजखाली कोंडलेला मृत्यूचा दैत्य थॅनाटॉस सुटतो. मग निवृत्त झालेले, ढेरी सुटलेले, बडबडे ऑलिंपियन देव मदतीला येतात. पानापानावर कोट्या आणि थोडा वात्रटपणा. इंग्लंडची राणीसुद्धा साहसात उतरते.

हे ऐकून वाटेल की हे पुस्तक हलकंफुलकं आणि पर्सी गंभीर. माझं मत उलटं आहे. इलियटच्या आईची स्मृती जातेय. तो तिला सांभाळतो, घराची बिलं लपवतो, शाळेत कुणाला कळू देत नाही, आणि शेजारीण घर गिळायला टपलेली. पर्सीकडे आई भक्कम आहे, बाप गायब. इलियटकडे आई समोर बसलेली आहे आणि हळूहळू नाहीशी होतेय. जसजशी पुस्तकं पुढे जातात तसतसं हे दुःख वाढतं, विनोद त्याला झाकत नाही. घरात आजी किंवा आजोबांना विसरण्याचा आजार असेल, तर हे पुस्तक मुलाला फार जवळचं वाटेल किंवा फार लागेल. दोन्ही शक्य आहे, तेव्हा आधी स्वतः वाचून मग द्या.

अडचण एकच, पण मोठी: कोट्या. देवांची नावं, इंग्लंडमधली बोली, शब्दांचे खेळ, सगळं इंग्रजी कानावर उभं आहे. मराठी माध्यमातल्या सातवीच्या मुलाला पर्सीची अमेरिकन बोली संदर्भाने पकडता येते, कारण वाक्यं आखूड आहेत आणि काय घडलं ते कृतीतून कळतं. इथे मात्र विनोद सुटला की अर्धं पान सुटतं. मोठ्याने वाचून दाखवणारं कुणी घरात असेल तर गोष्ट वेगळी. त्या कामाला हे पुस्तक पर्सीपेक्षा सरस आहे. देवांचे आवाज काढायला मजा येते.

मूल आठ-नऊ वर्षांचं असेल आणि सलग अडीचशे पानं त्याला अजून झेपत नसतील, तर जोन होलब आणि सुझन विल्यम्स यांची ‘गॉडेस गर्ल्स’ मालिका आहे. २०१० पासूनची, अथीना, पर्सेफनी वगैरे देवी शाळकरी मुली, देवांचा राजा झ्यूस मुख्याध्यापक. मैत्री, रुसवेफुगवे, शाळेतल्या स्पर्धा. ठीक आहे. एकदोन वाचून पुढे जायची पुस्तकं. त्यापेक्षा मी याच वयाला जॉर्ज ओकॉनर यांची ‘ऑलिंपियन्स’ ही बारा चित्रकादंबऱ्यांची मालिका देईन. ती नव्याने रचलेली गोष्ट नव्हे, मूळ कथाच चित्रांत सांगितल्यात, आणि झ्यूसचा बाप क्रोनस आपलीच पोरं गिळतो तेही लपवलेलं नाही. ती वाचलेलं मूल पुढे पर्सीकडे आलं की लेखकाने कुठे काय वळवलंय ते त्याला ओळखता येतं, आणि ती ओळख म्हणजे निम्मा आनंद.

आणि आता माझं लाडकं. मेगन व्हॅलन टर्नर यांचं ‘द थीफ’, १९९६ सालचं, पुढच्या वर्षी त्याला न्यूबेरी ऑनर हा अमेरिकेतला बालसाहित्याचा सन्मान मिळाला. तीनशे पानांच्या आतलं हे पुस्तक पर्सीच्या बरोबर उलट आहे. यात झ्यूस नाही, ऑलिंपस नाही. ऑलिव्हच्या बागा, खडकाळ डोंगर, ऊन, असा सगळा मुलूख ग्रीसच्या वळणाचा, पण राज्यं काल्पनिक, देवसुद्धा लेखिकेने नव्याने रचलेले. जेन नावाचा चोर ‘काहीही चोरून दाखवेन’ अशी बढाई मारतो, पकडला जातो, आणि राजाचा विद्वान सल्लागार त्याला तुरुंगातून काढून एक प्राचीन खडा चोरायला नेतो. वाटेत शेकोटीभोवती ही माणसं देवांच्या गोष्टी सांगतात. त्या गोष्टींवर भांडतातही, ‘आमच्याकडे ही अशी सांगतात’ म्हणून. कीर्तनात ऐकलेली कथा आणि आजीने सांगितलेली कथा यांत फरक पडतो तसंच.

अर्धं पुस्तक प्रवासात जातं. घोडे, उपाशीपोटी कुरकुर, पायातले फोड. इथे बरीच मुलं पुस्तक मिटतात आणि मी त्यांना दोष देत नाही. पण जे मूल तग धरतं, त्याला नदीखालचं देऊळ मिळतं. एरवी पाण्यात बुडालेलं, वर्षातून मोजक्या रात्री उघडं पडणारं. तिथे देव पहिल्यांदा ‘दिसतात’, आणि इथे ना पगारवाढीचा विनोद आहे ना पर्सीतला डाएट कोक पिणारा देव. रायर्डनचे देव वाचून मूल म्हणतं, ‘हे तर आपल्यासारखेच.’ टर्नरचे देव वाचून मूल गप्प होतं. मला दुसरं जास्त मोलाचं वाटतं, पण मी अकरा वर्षांची असताना मलाही पहिलंच आवडलं असतं.

शेवटी एक उलगडा आहे, तो सांगून तुमचा रसभंग करत नाही. एवढंच सांगते की त्यानंतर पहिलं प्रकरण परत काढून वाचावं लागतं, आणि निवेदकाने आपल्याला एकदाही खोटं न सांगता कसं फसवलं ते बघून थक्क व्हायला होतं. ज्या मुलाला बुद्धिबळ, कोडी, गुप्तहेर यांचं वेड आहे, त्याने पर्सी अर्धवट सोडला असेल तरी त्याला हे द्या.

एक पुस्तक ग्रीक नाही, पण दुकानात पर्सीच्याच फळीवर असतं, म्हणून विचारणा होतेच. रोशनी चोक्षी यांचं ‘आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम’, २०१८. रायर्डनच्या नावाने निघालेल्या प्रकाशन-शाखेचं हे पहिलं पुस्तक. अटलांटातल्या संग्रहालयात राहणारी आरू, दिवा लावायची चूक करते, काळ थांबतो, आणि कळतं की ती पांडवांपैकी एकाचा आत्मा घेऊन जन्मलीय. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना मी हे डोळे झाकून देईन. आपल्या गोष्टी त्यांना पहिल्यांदा त्यांच्या शाळेच्या भाषेत भेटतात. इथे वाढलेल्या मुलाचं जरा वेगळं होतं. ते दर दहा पानांनी ‘असं नाहीये!’ म्हणत उठतं. ग्रीक पुराणांबाबत आपण परके असतो, म्हणून लेखकाने केलेली मोडतोड निमूट खपवून घेतो. महाभारताबाबत आपण सगळेच तज्ज्ञ. भांडत भांडत वाचणाऱ्या मुलाला ते भांडणच आवडेल, एवढं खरं.

पडद्याचं काय? पर्सीवरचे २०१० आणि २०१३ चे चित्रपट वाचणाऱ्यांना फारसे आवडले नाहीत. पर्सीला थोराड केल्यामुळे सगळा पोरकटपणाच गेला. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली डिस्नेची मालिका पुस्तकाच्या जास्त जवळ आहे आणि पर्सी तिथे पुन्हा बारा वर्षांचा आहे. तरी पुस्तक आधी. मेड्युसाचं दुकान डोळ्यांसमोर आपल्या मनाने एकदा उभं राहू द्यावं.

मग घ्यायचं काय? वाचायचा कंटाळा करणारं, चळवळं, दहा-बाराचं मूल असेल तर पर्सी, आणि फक्त पहिला भाग; तो संपला की दुसरा ते स्वतःच मागेल. घरात रात्री मोठ्याने वाचायची सवय असेल तर इव्हान्स. पर्सी संपवून ‘आता काय?’ म्हणणाऱ्याला बहुतेक जण रायर्डनचीच पुढची मालिका देतात, ‘हीरोज ऑफ ऑलिंपस’. त्यात रोमन देवही येतात आणि गोष्ट कुणाच्या नजरेतून चाललीय ते इतकं बदलतं की काही मुलं हरवतात. तेराच्या पुढच्याला त्याऐवजी टर्नर देऊन बघा. फक्त तिच्या मालिकेतलं दुसरं पुस्तक, ‘द क्वीन ऑफ अ‍ॅटोलिया’, लगेच त्याच्या हाती ठेवू नका. त्याच्या सुरुवातीलाच जेन पकडला जातो, आणि त्याला जी शिक्षा होते ती वाचून माझी भाची पुस्तक उलटं ठेवून स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसली होती. दोन दिवसांनी तिनेच ते परत उचललं.