थर्मल घ्यायला लावले तेव्हाच कळायला हवं होतं... अलेप्पी हाऊसबोट बुकिंगमध्ये २२,८०० गेले

लिहू की नको असं दोन महिने चाललंय. नवरा म्हणतो कशाला चारचौघांत हसं करून घेतेस. पण दिवाळीची सुट्टी होती, मी फसले, दुसरं कुणी फसू नये म्हणून लिहिते.

आम्ही सहा जण, सासू-सासरे आणि दोन मुलं धरून. केरळातल्या अलेप्पीला दोन बेडरूमची हाऊसबोट, एक रात्र, २४,००० ठरले. इन्स्टावर जाहिरात, मग व्हॉट्सअ‍ॅप, पुढचं तुम्हाला माहितीच आहे. आधी ३० टक्के म्हणजे ७,२०० अ‍ॅडव्हान्स. मग "मॅडम बाकीचे आजच भरले तर त्यावर २५ टक्के सूट", म्हणून १६,८०० चे १२,६०० भरले. वर लाइफ जॅकेटचं रिफंडेबल डिपॉझिट ३,०००. एकूण २२,८००. मी काय बावळट नाहीये, बँकेचे मेसेज वाचते, ओटीपी आजपर्यंत कुणाला दिला नाही. पण या माणसाने मला पॅकिंग लिस्ट पाठवली हो! दोन पानी पीडीएफ, कडक ट्रॉली नको मऊ बॅगा आणा, ओडोमॉस, टॉर्च, आजीआजोबांच्या गोळ्या वेगळ्या डबीत. एवढी काळजी घेणारा माणूस चोर असेल असं कुणाला वाटेल?

आणि त्याच लिस्टमध्ये, दुसऱ्या पानावर, थर्मल, लोकरीचे मोजे, कानटोपी. केरळमध्ये!! मी हे वाचलं, हसले, आणि स्वतःच उत्तर काढलं की एसी जोरात असेल, पाण्यावर रात्री गारवा असेल. सासूबाई म्हणाल्या, "अगं तिकडे तर घामाच्या धारा लागतात ना?" मी म्हटलं, आई, त्यांना माहीत असणार ना आपल्यापेक्षा. सहा सेट आणले, ८९० ला एक, ५,३४० रुपये. त्याच्या खाली लिहिलेलं "एक तरी पोस्टपेड सिम ठेवा, प्रीपेड चालणार नाही". अहो ही काश्मीरची अट! बाहेरचं प्रीपेड तिकडे चालत नाही. मेल्याने दल लेकची लिस्ट उचलून वरचं नाव बदललं होतं आणि मी भावाचं पोस्टपेड सिम मागून आणलं. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

दुसरं म्हणजे "रात्रभर चांदण्यात क्रूझ" म्हणाला होता. तिथे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोटी काठाला लागतात, रात्री मच्छीमारांची जाळी असतात. कुणी रात्रभर फिरवतो म्हणाला तर तिथेच फोन ठेवा. आणि यूपीआयला पैसे टाकताना स्क्रीनवर कंपनीचं नाही, कुणातरी बाईचं नाव आलं, तर म्हणे अकाउंटंट आहे. नाव वाचा, प्लीज नाव वाचा.

नेत्रावती एक्स्प्रेसने गेलो, दुपारी १२ ला पुन्नमडाच्या फिनिशिंग पॉइंटला, म्हणजे हाऊसबोटीत बसतात त्या धक्क्यावर, बॅगांसकट उभे, त्याचा फोन बंद. त्या नावाची बोट खरंच होती! मालक बिचारा म्हणाला फोटो आमचेच आहेत, बुकिंग आमच्याकडे नाही. धाकटा रडायला लागला. शेवटी जेट्टीवरून कोट्टायमच्या सरकारी फेरीबोटीत बसलो, तीच आमची सहल.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तिथूनच फोन केला, तक्रार नंबर मिळाला. पण पैसे भरून १९ दिवस झाले होते, खात्यात काय राहणार. हा फोन पहिल्या तासाभरात करायचा असतो. बँकेत गेले तर "पिन तुम्हीच टाकलात ना मॅडम", जसं काही मी गुन्हा केलाय. घराजवळच्या पोलीस स्टेशनला दीड तास बसवलं, मग म्हणे घटना केरळातली, तिकडे करा. तिकडच्यांना फोन केला तर पैसे जिथून गेले तिथे करा! एक साहेब तर म्हणाले "एवढ्याशा रकमेसाठी?" तुमचा पगार आहे का तेवढ्याशात? झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवायची तक्रार, कुठल्याही स्टेशनला घ्यावी लागते हे मला एका वकील मैत्रिणीने नंतर सांगितलं. चार चकरा मारल्या, अर्जावर शिक्का मिळाला, बाकी शून्य.

जायचंच असेल तर जेट्टीजवळ डीटीपीसीचं (सरकारी जिल्हा पर्यटन मंडळाचं) ऑफिस आहे तिथे विचारा, नाहीतर बोट डोळ्यांनी बघून पैसे द्या. व्हिडिओ कॉलवर बोट दाखवा म्हणा, नेटवर्क नाही म्हणाला की ब्लॉक.

थर्मल टॅगसकट पडलेत, दुकानदार परत घेत नाही. डिसेंबरात खरंच काश्मीरला कुणी जाणार असेल तर सांगा, दोन एम, तीन एल, एक लहान मुलाचा. निम्म्या किमतीत देते.