बुलेटचे ‘परफॉर्मन्स किट’: एका फसवणुकीची हकिकत

मोटारसायकलच्या इंजिनाची ताकद वाढवून देतो असे सांगून मुंबईत जी फसवणूक चालते, तिचा पुरावा इंजिनाच्या आत बंद राहतो, आणि इंजिन उघडण्याचे काम ग्राहक सहसा फसवणाऱ्याच्याच हाती सोपवतो. माझ्या 2014 सालच्या रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 बाबत (बोलीत हीसुद्धा बुलेटच) हेच घडले. काम झाल्यावर गाडी सुरू होताना त्रास देऊ लागली नसती, तर मला नेमके काय विकले गेले हे कदाचित कधीच कळले नसते. त्याहून चीड आणणारी गोष्ट अशी की, गाडी सुरू होत नाही ही तक्रार घेऊन मी परत गेलो की त्या गॅरेजमालकाचा दुसरा धंदा सुरू होत असे. अशी लक्षणे ज्यांच्या गाडीत दिसत असतील त्यांना कुठे पाहावे हे कळावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गाडीचे इंजिन 346 सीसीचे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 70 मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, 90 मिलिमीटर; कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, 8.5; आणि कंपनीने सांगितलेली ताकद 5250 आरपीएमला 19.8 बीएचपी. भांडुप ते परळ या रोजच्या येण्याजाण्याला एवढी ताकद पुरेशी होती. मागे माणूस आणि सामान घेऊन खंडाळ्याचा घाट चढताना मात्र गाडी दमत असे. पूर्व उपनगरातल्या एका गॅरेजमालकाने (नाव देत नाही, कारण प्रकरण अद्याप चालू आहे) त्यावर उपाय सांगितला: फोर्ज्ड (ठोकून घडवलेला, जास्त मजबूत) हाय कॉम्प्रेशन पिस्टन, दोन परफॉर्मन्स कॅम (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे उंचवट्याचे भाग), फ्री फ्लो सायलेन्सर आणि त्यानुसार कार्बोरेटरचे जेटिंग, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रांची (जेटची) जुळणी. ताकद 27 बीएचपीपर्यंत जाईल, असे त्याचे म्हणणे होते आणि पुरावा म्हणून त्याने मोबाइलवर डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) धावणाऱ्या कुठल्याशा बुलेटचा व्हिडिओ दाखवला. बोअर तोच राहणार असल्यामुळे आरसी बुकावरच्या सीसीला धक्का लागत नाही, हेही त्याने आपणहून सांगितले. मजुरीसह सौदा 38 हजारांना ठरला. जुने कॅम आणि पिस्टन ‘एक्स्चेंज’मध्ये त्याच्याकडे राहणार आणि त्याबद्दल बिलातून 3 हजार वजा होणार, अशी सवलतही मिळाली. ही सवलत कशासाठी होती, ते पुढे येईलच.

गाडी ताब्यात मिळाली तेव्हा इंजिन आधीच गरम करून चालू ठेवलेले होते. काम झालेली गाडी पूर्ण थंड असताना स्वतःच्या हाताने सुरू करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फचे बटण दाबले, तेव्हा इंजिन जेमतेम फिरल्यासारखे झाले आणि अडले, न्यूट्रलचा हिरवा दिवा जवळजवळ विझला आणि डाव्या केसिंगमधून ‘खडाक्’ असा धातूवर धातू आपटल्याचा आवाज आला. किक मारून पाहिली, तर किक उलटी येऊन तळपायावर आदळली. बऱ्याच खटपटीनंतर गाडी सुरू झाली आणि मग दणदणीत आवाज करत धावलीही. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, आणि या व्यवसायातली निम्मी विक्री त्या वाटण्यावरच होत असावी. पुढच्याच आठवड्यात सायन सर्कलला सिग्नलवर गाडी बंद पडली. मागे बेस्टची बस हॉर्न देत उभी, आणि सेल्फ मारला की पुन्हा तोच खडखडाट.

यानंतर जे सुरू झाले, त्याला ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ याखेरीज दुसरे नाव नाही. फक्त बंब चुकून सोमेश्वरी जात नव्हता, मुद्दाम तिकडे पाठवला जात होता. पहिल्यांदा सांगण्यात आले की रिंगा नव्या असल्याने इंजिन ‘टाइट’ आहे, 500 किलोमीटर चालवा, मोकळे होईल. ते झाल्यावर दोष बॅटरीवर गेला आणि 14 अँपिअर-अवरची नवी बॅटरी बसली. नवी, पूर्ण चार्ज झालेली बॅटरी अडलेल्या इंजिनालाही काही दिवस ढकलून फिरवते, त्यामुळे निदान बरोबर होते असा समज होतो. ती थकली की पहिले पाढे पंचावन्न. मग कार्बोरेटरचा मेन जेट बदलण्यात आला आणि त्याचे वेगळे पैसे घेण्यात आले. कार्बोरेटरची थोडीफार माहिती असणाऱ्याला यातच खोट दिसेल: मेन जेटचे काम थ्रॉटल बराच उघडल्यावर सुरू होते, तर गाडी सुरू होणे आणि आयडलिंगला टिकणे हे चोक, पायलट जेट आणि एअर स्क्रू यांच्यावर अवलंबून असते. त्यानंतर पाळी आली पेट्रोलमधल्या इथेनॉलची. पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते हे खरे, पण आमच्याच सोसायटीतल्या शेजाऱ्यांची त्याच मॉडेलची बुलेट त्याच पंपावरच्या पेट्रोलवर रोज सकाळी एका बटणात सुरू होत होती. शेवटी डाव्या केसिंगमधला स्प्रॅग क्लच तुटला, म्हणजे सेल्फची ताकद इंजिनाकडे नेणारा आणि उलट दिशेने सुटणारा भाग निकामी झाला, आणि तो ‘कंपनीचाच वीक पॉइंट’ ठरवून त्याचे बिल माझ्या हाती देण्यात आले. 38 हजारांच्या कामावर असे आणखी 14 हजार गेले.

खरे निदान लालबागमधल्या एका वयस्कर मिस्त्रींनी केले. त्यांनी कार्बोरेटरला हातही लावला नाही. बॅटरीवर मल्टिमीटर लावून मला सेल्फ मारायला सांगितला. बारा व्होल्टच्या वर असलेला आकडा आठच्याही खाली घसरला. इतक्या कमी व्होल्टेजला इग्निशनची ठिणगीच धड पडत नाही, त्यामुळे इंजिन फिरते तरी पेटत नाही, हे त्यांनी प्लग बाहेर काढून दाखवले. मग प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारा काटा, लावला आणि सेल्फवर काटा एकदम वर चढला. त्या काट्याकडे पाहून ते म्हणाले, “साहेब, या इंजिनात सेल्फवर एवढं कॉम्प्रेशन दिसायलाच नको. तुमचा डिकॉम्प्रेसर गेलाय, नाहीतर कुणीतरी काढलाय.”

या पिढीच्या बुलेटमध्ये एक्झॉस्ट कॅमवर डिकॉम्प्रेसर ही एक छोटी यंत्रणा असते. इंजिन अगदी हळू फिरत असताना तिची पिन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते, त्यामुळे सिलिंडरमधला थोडा दाब निसटतो आणि सेल्फला पिस्टन सहज वर नेता येतो. इंजिन पेटून आरपीएम वाढले की यंत्रणेतले छोटे वजन बाहेर फेकले जाते, पिन आत जाते आणि पूर्ण कॉम्प्रेशन मिळू लागते. ही पिन नसेल तर सेल्फ मोटर दर वेळी पूर्ण दाबाशी झुंजते, बॅटरी कोसळते, इंजिन उलटा झटका देते आणि तो झटका थेट स्प्रॅग क्लचवर बसतो. माझ्या गाडीची सगळी दुखणी या एका वाक्यात येतात.

कॅम आणि त्यांचे गिअर झाकणारे उजव्या बाजूचे टायमिंग कव्हर उघडल्यावर पुढचे चित्र दिसले. एक्झॉस्ट कॅमवर डिकॉम्प्रेसरचे वजनही नव्हते आणि पिनही नव्हती. कॅमच्या पृष्ठभागावर ग्राइंडिंगच्या बारीक, समांतर रेषा होत्या. मिस्त्रींनी समजावले की कॅमचा गोल भाग घासून खाली नेला की उंचवटा तेवढाच राहूनही लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची उंची, वाढल्यासारखी होते. मात्र त्यात वरचा कडक केलेला थर पातळ होतो आणि पिन बसण्याची जागाही राहत नाही. त्यांचे लक्ष कॅमवर होते, माझे मात्र कॅमच्या गिअरवर गेले. एका दाताच्या बाहेरच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा टवका उडालेला होता. आधीच्या वर्षी टॅपेटचे काम करताना हेच कव्हर उघडले होते आणि त्या वेळी काढलेला फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. फोटोतल्या गिअरवर, टायमिंगच्या खुणेपासून तितक्याच अंतरावर, तोच टवका होता. म्हणजे ‘एक्स्चेंज’मध्ये 3 हजारांना घेतलेले माझेच कॅम लेथवाल्याकडून घासून आणून, चकचकीत खोक्यातले परफॉर्मन्स कॅम म्हणून मलाच विकण्यात आले होते.

हेड, म्हणजे सिलिंडरचे वरचे झाकण, उघडल्यावर उरलेला हिशेब मिळाला. फोर्ज्ड म्हणून दिलेला पिस्टन साधा होता आणि त्याच्या माथ्यावर 0.50 हा आकडा स्पष्ट उमटवलेला होता, म्हणजे रीबोअरिंगनंतर (झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा केल्यावर) वापरला जाणारा नेहमीचा ओव्हरसाइज पिस्टन. ‘तोच राहणार’ म्हटलेला बोअर 70.5 मिलिमीटर झाला होता. हिशेब केला तर इंजिन 351 सीसीचे झाले. कॉम्प्रेशन वाढवण्यासाठी हेडच फेसिंग करून, म्हणजे तळाकडून कापून, पातळ करण्यात आले होते. हाय कॉम्प्रेशन, आणि तेही डिकॉम्प्रेसरशिवाय: गाडी सुरू होणार कशी?

फोटो आणि काढलेले भाग घेऊन मी गॅरेजमालकाकडे गेलो, तेव्हा त्याने आधी कानांवर हात ठेवले आणि मग आवाज चढवून म्हणाला, “दादा, तक्रार करायची तर करा. पहिली तुमचीच गाडी आरटीओत जाईल.” या धमकीवर हा सारा धंदा तगून आहे, म्हणून तिच्यात किती तथ्य आहे ते पाहणे आवश्यक आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंडाची तरतूद आहे. तेव्हा सायलेन्सर आणि इंजिनातले बदल याबाबत ग्राहक खरोखर अडचणीत येऊ शकतो. पण ओव्हरसाइज पिस्टनचे रीबोअरिंग ही नेहमीची दुरुस्ती आहे, आणि जुना भाग नवा म्हणून विकणे ही फसवणूकच राहते, गाडीचे पुढे काहीही होवो.

मी मूळचा सायलेन्सर परत बसवला आणि कंपनीचे नवे कॅम, डिकॉम्प्रेसरसह, पावती घेऊन घातले. हेडही बदलावे लागले. आता सकाळी गाडी पहिल्या बटणात सुरू होते. घासलेले कॅम, पिस्टन आणि पातळ केलेले हेड मिस्त्रींच्या लेखी निरीक्षणासह घरी जपून ठेवले आहेत.

ज्यांचे काम अजून व्हायचे आहे त्यांनी जुने भाग ‘एक्स्चेंज’मध्ये देऊ नयेत, पिशवीत घालून घरी न्यावेत आणि ते देण्यास जो नाही म्हणेल त्याच्याकडे काम देऊ नये. नवा भाग बसण्यापूर्वी पिस्टनचा माथा आणि कॅमच्या गिअरचे दोन्ही बाजूंचे फोटो खुणांसह काढावेत. डिकॉम्प्रेसर राहणार की जाणार, हे थेट विचारावे आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावे. बिलावर ‘परफॉर्मन्स किट’ एवढेच शब्द असतील तर त्या बिलाला काही अर्थ नाही. प्रत्येक भागाचे नाव, माप आणि किंमत वेगवेगळी लिहिलेली हवी.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ती ऑनलाइनही दाखल होते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते; मी ती केली, पण गॅरेजकडून उत्तर आले नाही, म्हणून आयोगाकडे गेलो. वकिलांच्या सल्ल्याने तक्रारीत 27 बीएचपी न मिळाल्याचा उल्लेखही केलेला नाही, कारण त्यावर युक्तिवाद इंजिनातल्या बदलांकडे आणि कलम 52 कडे वळला असता. मागणी फक्त एवढीच आहे की नवे कॅम आणि फोर्ज्ड पिस्टन म्हणून घेतलेली किंमत, पातळ केलेल्या हेडची भरपाई आणि तुटलेल्या स्प्रॅग क्लचचा खर्च परत मिळावा. सोबत टवक्याचे दोन्ही फोटो जोडले आहेत.