सेकंडहँड पोलो जीटी: टीएसआय घ्यावी की टीडीआय, गोव्यात चालवायची असेल तर

फोक्सवॅगनची पोलो जीटी बंद झाली तरी तिच्या मागे लागलेली माणसं काय कमी झाली नाहीत, आणि गोव्यात कोणी शोधायला लागला की पहिला प्रश्न हाच, पेट्रोल की डिझेल. माझं मत आधीच सांगतो. इंधनाच्या भावावरून ठरवू नका, गिअरबॉक्स आणि तुमचा रोजचा रस्ता बघून ठरवा.

आधी थोडी माहिती. 2020 पर्यंतची जीटी टीएसआय म्हणजे 1.2 लिटर टर्बो पेट्रोल, 105 पीएस, 175 एनएम टॉर्क (म्हणजे ओढ) आणि सोबत फक्त सात स्पीडचा डीएसजी ऑटोमॅटिक. टीडीआय म्हणजे डिझेल, ती सुरुवातीला 1.6 लिटर होती, 2014 च्या फेसलिफ्टनंतर 1.5 झाली, ताकद साधारण तेवढीच पण टॉर्क थेट 250 एनएम, आणि गिअर पाच, हाताने टाकायचे. एप्रिल 2020 ला बीएस सहा हा प्रदूषणाचा नियम आला तेव्हा फोक्सवॅगनने इथली डिझेल बंद केली आणि 2022 ला पोलोच बंद झाली, त्यामुळे टीडीआय बघताय म्हणजे जुनी गाडीच बघताय हे धरून चला.

चालवायला दोन्ही गाड्या पूर्ण वेगळ्या वाटतात. मोलेहून अनमोड घाट चढताना पुढे भरलेला ट्रक असतो, तो दुसऱ्या गिअरला कण्हत चाललेला, तुम्ही मागे तिसऱ्यात, आणि मध्येच सरळ पट्टा मिळतो. टीडीआयमध्ये आरपीएमचा काटा 2000 च्या आसपास असला तर नुसता पाय दाबायचा, गिअर बदलायची गरजच नाही, गाडी मागून ढकलल्यासारखी सुटते. पण काटा 1500 च्या खाली गेलेला असेल तर काही नाही, मेल्यासारखी उभी, तिथे दुसरा टाकावाच लागतो आणि नवीन माणूस तिथेच फसतो. टीएसआयला ती अडचण नाही, ती खालून स्वच्छ ओढते, एस म्हणजे स्पोर्ट मोडला गिअरबॉक्स आपणच खाली येतो आणि वळणावर तिचं नाक हलकं असल्यामुळे स्टिअरिंगला टाकाल तिथे जाते. केरीहून चोर्ल्याच्या वळणांवर मला टीएसआय जास्त आवडते, हे मनापासून सांगतो. पण चार माणसं, डिकीत सामान आणि एसी चालू असं बेळगावला निघालात तर टीडीआय, त्यात वादच नाही.

आता डीएसजी, आणि इथे मी जरा जास्त बोलणार कारण लोक याचा विचार न करताच टोकन देऊन मोकळे होतात. हा ड्राय क्लचवाला गिअरबॉक्स, क्लच तेलात बुडालेले नसतात. गाडी इंच इंच पुढे सरकवली की क्लच अर्धवट लागून घासत राहतो आणि तापतो. पर्वरीला संध्याकाळी किंवा चवथीच्या आधी म्हापशाच्या बाजारात तुम्ही नेमकं तेच करत असता. मेकाट्रॉनिक, म्हणजे गिअर आणि क्लच चालवणारा कंट्रोलचा भाग, गेला किंवा क्लच पॅक बदलायला आला तर बिल लाखाच्या घरात जातं, म्हणजे स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली गाडी दुसऱ्याच वर्षी महाग पडते. रोज असा ट्रॅफिक असेल तर जुनी डीएसजी घेऊ नका, गाडी कितीही चकाचक असू दे. मडगाव ते पणजी नवीन जुवारी पुलावरून जाणाऱ्याला तेवढी भीती नाही, तिथे गाडी वाहती राहते.

पैशाचं बघू. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्तच राहिलंय, 2012 ला पर्रीकरांनी व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला होता, पुढे तो परत वाढला तरी सावंतवाडी बांद्याचे लोक अजून इकडे येऊन टाकी भरतात. डिझेल त्याहून लिटरमागे आठेक रुपयांनी खाली. समजा वर्षाला दहा हजार किलोमीटर, टीएसआयला 13 चं मायलेज आणि टीडीआयला 18 धरा, तर वर्षाला पंचवीसेक हजारांचा फरक पडतो. ऐकायला बरा आहे, पण आपल्याकडे घर ते ऑफिस जाऊन येऊन पंधरा किलोमीटर असलेली माणसंच जास्त, त्यांचं वर्षाचं रनिंग पाच हजारसुद्धा होत नाही, मग तो फरक टायमिंग बेल्ट, क्लच आणि इंजेक्टरच्या एका खर्चात संपून जातो. अजून एक गोष्ट पेट्रोलवाल्यांनी लक्षात घ्या, आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. मायलेज थोडं पडतं, आणि जुने रबरी पाइप, सील एकदा मेकॅनिककडून तपासून घेतलेले बरे.

टीडीआय बघताना एक कागद मागाच. 2015 च्या डिझेल उत्सर्जन प्रकरणात फोक्सवॅगन ग्रुपने भारतातल्या 3,23,700 गाड्या परत बोलावल्या होत्या, त्यात पोलोची 1.5 आणि 1.6 डिझेल पण होती. त्या काळातली गाडी असेल तर सॉफ्टवेअर अपडेट झालंय का ते सर्व्हिस हिस्ट्रीत बघा.

मग कोणी काय घ्यावं? महिन्यातून दोनतीनदा घाट ओलांडून बेळगाव कोल्हापूरला जाणारा असेल, किंवा पेडण्याहून रोज वेर्ण्याला कामाला जाणारा, त्याने डोळे झाकून टीडीआय. पणजी म्हापसा एवढंच फिरणाऱ्याने दोन्ही सोडा आणि 2020 नंतरची 1.0 टीएसआय मॅन्युअल शोधा. तिच्यावर जीटीचा बिल्ला नसतो, इंजिन तीन सिलिंडरचं आहे, पण 110 पीएस, सहा गिअर आणि डीएसजीची कटकट नाही, माझ्या मते तीच सगळ्यात शहाणी पोलो. ऑटोमॅटिकच हवी तर त्याच काळातली जीटी बघा, तिच्यात साधा टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे घासणाऱ्या क्लचऐवजी तेलातून ताकद देणारा ऑटोमॅटिक. जुनी डीएसजी जीटी फक्त त्याने घ्यावी ज्याला ती चालवायची हौस आहे, रस्ता मोकळा आहे आणि लाखभर बाजूला ठेवायची तयारी आहे. नवीकोरी डिझेल हॅचबॅकच पाहिजे म्हणाल तर अल्ट्रोझ सोडून पर्याय नाही, 90 पीएसची, चांगली गाडी आहे, पण जीटीसारखी ती पळत नाही.

गाडी बेंगळुरू किंवा कोल्हापूरहून आणणार असाल तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरूनच भाव करा. आणि टेस्ट ड्राइव्ह थंड गाडीवर मागा, मालकाने आधीच गरम करून ठेवलेली नको. डीएसजी असेल तर चढावर उभी करा, ब्रेक सोडा आणि हळू सरकवा, झटका किंवा थरथर जाणवली तर तिथूनच परत फिरा.