युवा समिती की कार्यकारिणीत जागा? तरुण डॉक्टरांना शाखेत घेताना

कोल्हापुरात बालरोग, भूल, स्त्रीरोग अशा विषयांच्या डॉक्टर-संघटनांच्या शाखा आहेत. सीपीआर (सरकारी रुग्णालय) आणि कदमवाडी-बावड्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून रेसिडेंट, म्हणजे पीजी (पदव्युत्तर शिक्षण) करणारे डॉक्टर, येत असतात. तरीही शाखेच्या सभेला तीच ती मंडळी दिसतात. हे बदलायचं ठरवलं, की कार्यकारिणीपुढे तीन पर्याय येतात.

पहिला, सवलतीच्या फीमध्ये सहयोगी सभासदत्व. हे सर्वांत सोपं आणि सर्वांत कमी फळ देणारं. फॉर्म भरला जातो, पण पुढे पीजीची पदवी मिळून ती महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदवल्यावर पूर्ण सभासदत्वाचा अर्ज करायचा राहून जातो. मग मतदारयादीत नावच येत नाही. सचिवांनी निकालानंतर त्या बॅचला एकेक फोन केला तरच हा पर्याय कामाचा.

दुसरा, स्वतंत्र युवा समिती. कार्यकारिणीचा एक ठराव झाला की सुरू करता येते, हे तिचं बळ. राज्य किंवा देश पातळीवर ती शोभते, कारण तिथे माणसं भरपूर असतात. शहराच्या शाखेत मात्र सगळा डोलारा दोघा-तिघांवर उभा राहतो. जेआर वनला (पहिल्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटला) झोप मिळत नाही, जेआर थ्री परीक्षेच्या तयारीत, पास झालेला बाँडवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेत, चंदगड किंवा गडहिंग्लजला. म्हणजे उरला जेआर टू, तोही थिसिसमध्ये गुंतलेला. शिवाय पैशांचे निर्णय मोठ्या कार्यकारिणीत होतात, त्यामुळे युवा समितीकडे रजिस्ट्रेशनचं टेबल, प्रोजेक्टर आणि पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं एवढंच उरतं. वर्षभरात ती मुलं येईनाशी होतात, यात त्यांचा दोष नाही.

तिसरा, कार्यकारिणीत मताच्या हक्कासह जागा. कोल्हापूरच्या आकाराच्या शाखेसाठी आम्ही हाच सुचवतो, जरी यात कागदपत्रं जास्त आहेत. शाखा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर आधी सर्वसाधारण सभेत नियमावलीत दुरुस्ती करावी लागते. कार्यकारिणी बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. हे टाळायला बऱ्याच शाखा ‘निमंत्रित सदस्य’ करतात. त्याला चहा मिळतो, मत नाही. पहिल्या वर्षापुरतं ते चालेल, कायमचं नको.

जागा एक नको, दोन ठेवा. एक जेआर टूसाठी, दुसरी पीजी होऊन आठ वर्षांच्या आतल्या कन्सल्टंटसाठी. वयाची अट घालू नका. नीटचे दोन-तीन प्रयत्न आणि बाँड यात वय निघून जातं. रेसिडेंट अध्यक्षांच्याच युनिटमधला नसावा, कारण थिसिसवर ज्यांची सही हवी त्यांच्यासमोर कोण तोंड उघडणार? नव्या कन्सल्टंटचंही तसंच, त्याचे रेफरल याच ज्येष्ठांकडून येतात. दोघं असले की निदान एकमेकांचा आधार होतो. नाजूक विषयावर गुप्त मतदान ठेवा.

जागेबरोबर एक संपूर्ण काम सोपवा, तेही खर्चाच्या मंजुरीसकट. उदाहरणार्थ, बालरोग शाखेची नवजात पुनरुज्जीवनाची कार्यशाळा. एका मॅनिकिनमागे (सरावाच्या बाहुल्यामागे) सहापेक्षा जास्त जण नकोत. हाताने श्वास देण्याच्या बॅग-मास्कला ० आणि १ अशा दोन्ही मापांचे मास्क लागतात. एकच मास्क आणला की तो मॅनिकिनच्या चेहऱ्यावर नीट बसत नाही, कडेने हवा निसटते, छाती वर येत नाही, आणि शिकणारा ती भरून काढायला बॅग आणखी जोरात दाबतो. मिनिटाला ४० ते ६० श्वासांचा ताल हाताला बसेपर्यंत प्रत्येकाला पुरेसा वेळ हवा. हे वेळापत्रक रोज लेबर रूमच्या कॉलला धावणारा रेसिडेंट ज्येष्ठांपेक्षा चांगलं लावतो. कौन्सिलकडे कार्यशाळेच्या क्रेडिट पॉइंटचा (हजर डॉक्टरांना मिळणाऱ्या गुणांचा) अर्ज वेळेत करणं आणि हजेरी पाठवणंही त्याच्याकडेच द्या. नोंदणीच्या नूतनीकरणाला ५ वर्षांत ३० पॉइंट लागतात, त्यामुळे या कामाची किंमत सगळ्यांना कळते.

सभेची वेळ मात्र बदलावी लागेल. रात्री साडेआठला हॉटेलात सुरू होऊन जेवणाला अकरा वाजणारी सभा ड्युटीवरच्याला जमत नाही. दुपारी दोन ते तीन, महाविद्यालयातच, आणि बाँडवरच्यांसाठी ऑनलाइन जोडणी असेल तर चंदगडहून शंभरेक किलोमीटर कोणी यायची गरज नाही.

मुदत एक वर्षाची ठेवा, पण पुढचा रेसिडेंट शेवटचे तीन महिने आधीच्याबरोबर बसू द्या. बँक, हॉल, मॅनिकिन देणारे, कौन्सिलचं लॉगिन, सगळं एका वहीत लिहून घ्या. दुरुस्तीचा मसुदा नव्या अध्यक्षांच्या पदग्रहणाआधीच्या सर्वसाधारण सभेपुढे आणा. नंतर आणला तर तो पुढच्या वर्षावर जातो आणि तोवर हा जेआर टू परीक्षेला बसलेला असतो.