प्लिकर्स: एक फोन, चाळीस कार्डं आणि उजळणीचा तास

घटक संपला की शिक्षक विचारतात, "समजलं का?" वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. प्रश्न विचारला तर पहिल्या बाकांवरचे ठरलेले चार हात वर होतात आणि उरलेल्या तीस-पस्तीस मुलांच्या डोक्यात काय आहे, ते घटक चाचणीपर्यंत कळत नाही. उजळणीच्या खेळांसाठी आज बरीच ॲप्स आहेत, पण बहुतेकांना प्रत्येक मुलाच्या हातात फोन किंवा टॅब लागतो. प्लिकर्स या ॲपला शिक्षकाचा एकच स्मार्टफोन पुरतो. मुलांच्या हातात असतं ते छापील कार्ड. म्हणूनच जिल्हा परिषदेच्या किंवा साध्या अनुदानित शाळेच्या वर्गात खरोखर चालेल असं हे साधन आहे.

प्रत्येक कार्डावर काळ्या चौकोनांची वेगळी आकृती असते. तिच्या चार बाजूंना बारीक अक्षरात A, B, C, D आणि कोपऱ्यात कार्डाचा क्रमांक छापलेला असतो. मुलाने आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड शिक्षकाकडे धरायचं. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं उत्तर काय, ते नोंदलं जातं. सगळ्यांच्या आकृत्या वेगळ्या असल्याने शेजाऱ्याचं कार्ड पाहून नक्कल जमत नाही. या साधनाचा सगळ्यात मोठा गुण हाच. चुकीचं उत्तर चारचौघांत उघडं पडत नाही, त्यामुळे गप्प बसणारं मूलही कार्ड वर करतं.

कार्डं प्लिकर्सच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. नेहमीचा संच 40 कार्डांचा आहे, एका पानावर दोन, म्हणजे 20 पानं. पट 40 च्या वर असेल तर 63 कार्डांचा संच घ्यावा. वर्ग लांबट असेल तर एका पानावर एक अशी मोठी कार्डंही मिळतात. छपाई जाड कागदावरच करावी. पातळ कागद हातात वाकतो आणि वाकलेली आकृती कॅमेऱ्याला वाचता येत नाही. लॅमिनेशन करायचंच असेल तर चकाकी नसलेलं करा. चकचकीत प्लास्टिकवर खिडकीचा किंवा ट्यूबलाइटचा उजेड पडला की कार्ड पांढरं दिसतं आणि नोंद होत नाही. एकच संच सगळ्या तुकड्यांना चालतो, कारण 7 क्रमांकाचं कार्ड सहावी अ मध्ये एकाचं आणि सहावी ब मध्ये दुसऱ्याचं असू शकतं. संकेतस्थळावर वर्ग तयार करताना नावं हजेरीपटाच्या क्रमाने भरा, म्हणजे हजेरी क्रमांक आणि कार्ड क्रमांक एकच राहतो. हे केलं नाही तर कार्डं वाटण्यातच दहा मिनिटं जातात.

प्रश्न मराठीत टाकता येतात, पण टंकन युनिकोडमध्ये हवं. जुन्या फाँटमध्ये केलेली प्रश्नपत्रिका तिथे चिकटवली तर नुसता अक्षरांचा गोंधळ उमटतो. उभ्या मांडणीतला अपूर्णांक हवा असेल तर वहीत लिहून त्याचा फोटो चढवणं सोपं. बाकी सगळ्या सूचना इंग्रजीत आहेत आणि कार्डांवरची अक्षरंही. आपल्या मुलांना अ, ब, क, ड पर्यायांची सवय असते, म्हणून A च्या शेजारी पांढऱ्या कडेवर बारीक अ लिहावा. आकृतीला पेन लागू देऊ नका. कार्डाच्या मागेही अक्षरं लिहू नका, मागच्या बाकावरच्याला ती आयती दिसतात.

प्रत्यक्ष खेळ असा. संगणकावर संकेतस्थळ उघडून प्रोजेक्टरवर प्रश्न दाखवायचा आणि फोनवरच्या ॲपमधून तोच प्रश्नसंच सुरू करायचा. दोन्हीकडे इंटरनेट लागतं. प्रोजेक्टर नसेल तर प्रश्न फळ्यावर लिहा, स्कॅन फोनवर होतंच. आधी अर्धा मिनिट कार्डं बाकावर पालथी ठेवून विचार करू द्या, मग एकदम "कार्ड वर" म्हणा. फोन आडवा धरून डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा. घाईने फिरवला की मागची रांग सुटते. नोंद होत नसेल तर बहुतेक वेळा बोट काळ्या आकृतीवर आलेलं असतं. कार्ड दोन्ही हातांनी, पांढऱ्या कडेला, छातीसमोर सरळ धरायची सवय पहिल्याच दिवशी लावा. दुसरी नेहमीची अडचण म्हणजे मूल कार्ड खाली घेताना ते फिरतं आणि कॅमेरा चालू असेल तर तेच उत्तर धरलं जातं. म्हणून "खाली" म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही आणि म्हणण्याआधी स्कॅन थांबवायचं. फोनच्या पडद्यावर बरोबर-चूक हिरव्या-लाल रंगात दिसतं, तेव्हा तो मुलांकडे वळवू नका.

आता मुख्य गोष्ट, प्रश्न कसे असावेत. 1/2 + 1/3 याला 5/6, 2/5, 1/6 आणि 2/6 असे पर्याय दिले तर 2/5 निवडणारं मूल अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतंय, हे तिथल्या तिथे कळतं. 2/6 म्हणणाऱ्याने छेद सारखा केला, पण अंश तसेच ठेवले. चुकीचा प्रत्येक पर्याय एखाद्या खऱ्या चुकीतून आलेला असावा. उगाच भरलेला पर्याय कोणी निवडत नाही आणि शिक्षकाला काहीच सांगत नाही.

स्कॅन झाल्यावर बरोबर उत्तर लगेच दाखवण्याचा मोह टाळा. वर्ग दोन उत्तरांत विभागलेला दिसला तर शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलू द्या आणि पुन्हा कार्डं वर घ्या. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर 1990 च्या दशकापासून हीच पद्धत मांडत आले आहेत: आधी एकट्याने उत्तर, मग चर्चा, मग पुन्हा उत्तर. दोन्ही फेऱ्यांची नोंद हवी असेल तर तोच प्रश्न संचात दोनदा टाका. उजळणीचं खरं काम या दोन मिनिटांत होतं.

मुलं आपापल्या फोनवर खेळतात त्या कहूट या प्रश्नमंजुषेच्या ॲपशी तुलना होणारच. कहूटमध्ये संगीत आहे, घड्याळ आहे, वेगाला गुण आहेत, जल्लोष जास्त आहे. पण लवकर बटण दाबणारा पुढे जातो आणि गणितात सावकाश विचार करणारं मूल मागे पडतं. प्लिकर्समध्ये घड्याळ नाही, क्रमवारी नाही. उजळणीसाठी हे चांगलंच आहे. चुरस हवी असेल तर ती वर्गाची मागच्या आठवड्याशी लावा: गेल्या वेळी या घटकात 60 टक्के बरोबर होते, आज 80 करायचे. रांगांमध्ये लावायची असेल तर बरोबर उत्तरांची संख्या मोजू नका, टक्केवारी काढा. सात मुलांची रांग नऊच्या रांगेपुढे नाहीतर कायम हरते.

मर्यादा स्पष्ट आहेत. बहुपर्यायी आणि चूक-बरोबर एवढेच प्रकार आहेत. निबंध, आकृती, कारणे द्या यांचा इथे उपयोग नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना कार्ड फिरवणंच अवघड जातं, तिसरीपासून पुढे बरं चालतं. मोफत खात्यात एका संचात पाचच प्रश्न बसतात. पंधरा मिनिटांच्या उजळणीला पाच चांगले प्रश्न पुरतात. जास्त हवे असतील तर दुसरा संच करून रांगेत लावता येतो, म्हणून वर्गशिक्षकाने त्यासाठी खिशातले पैसे घालायची गरज नाही.

तास संपला की अहवाल लगेच उघडा. एखादा प्रश्न निम्म्या वर्गाचा चुकला असेल तर तो भाग दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुन्हा घ्या. चारपाच मुलांचाच चुकला असेल तर त्यांना मधल्या सुट्टीनंतर वेगळं बसवा.